वेळ विचारून

ही गोष्ट रोलच्या कॅमेऱ्याच्या दिवसांतली आहे.

दादरला एका म्हाताऱ्या फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, बारशाचे फोटो, लग्नाचे फोटो यांवर पोट चालायचं. पण जीव रमायचा तो रस्त्यावर. तरुणपणी त्यांनी खांद्याला कॅमेरा अडकवून सगळी मुंबई पायी पालथी घातली होती. लोक त्यांना मास्तर म्हणायचे.

मास्तरांच्या हाताखाली एक पोरगा होता. डोंबिवलीहून रोज लोकलने यायचा. डार्करूम झाडायचा, रोल धुवायचा, प्रिंट वाळत घालायचा. हात चांगला होता, डोळाही बरा होता. एक दिवस तो म्हणाला, "मास्तर, मला शहराचे फोटो काढायचेत. दिवसभर चालत."

मास्तरांनी कपाटातून एक रोल काढून त्याच्या हातावर ठेवला. "छत्तीस फोटो आहेत यात. एक दिवस, एक रोल. पण आधी कसा जाणार ते लिहून दाखव."

पोरगा कामाला लागला. त्याने ग्रंथालयातून पुस्तकं आणली आणि नकाशा विकत घेतला. आठवडाभर रात्री जागून त्याने वहीत यादी केली. ठिकाणं निघाली अठरा. अठरा ठिकाणं, प्रत्येकी दोन फोटो, हिशेब चोख. प्रत्येक नावापुढे त्याने साल लिहिलं. फ्लोरा फाउंटन, १८६४. क्रॉफर्ड मार्केट, १८६९, आणि खाली बारीक अक्षरात 'दारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगची'. ससून डॉक, १८७५. राजाबाई टॉवर पुरा झाला १८७८ ला, आणि त्याच वर्षी बोरीबंदर स्टेशनचं काम सुरू झालं, हेही लिहिलं. गेटवे, १९२४. लाल पेनाने नकाशावर रेघ ओढली.

मास्तरांनी चष्मा लावून वही वाचली.

"सालं सगळ्यांची आहेत," ते म्हणाले.

"हो मास्तर. दोन-दोन पुस्तकांतून ताडून पाहिली."

"बरं. जा."

पोराला सुट्टी रविवारी असायची, म्हणून तो रविवारी निघाला. नऊच्या सुमाराला बोरीबंदरला उतरला. बाहेर येऊन रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. सूर्य स्टेशनच्या पाठीमागे होता. घुमट, कमानी, दगडात कोरलेले प्राणी, सगळं सावलीत. त्याने दोन फोटो काढले आणि पुढे गेला.

ओव्हल मैदानावर आला तर तिथे क्रिकेटला ऊत आलेला. एकाच मैदानात वीस सामने. कोणाचा चेंडू कोणाच्या पिचवर जात होता, कोणाचा फील्डर कोणाच्या अंपायरच्या पाठीला पाठ लावून उभा होता. पोराच्या यादीत क्रिकेट नव्हतं. त्याने सगळ्यांच्या डोक्यावरून राजाबाई टॉवर पाहिला. सूर्य आता टॉवरच्या मागे होता. दोन फोटो.

चर्चगेटला डबेवाले टिपायचे होते. एकही टोपी दिसेना. पेपरवाल्याला विचारलं, तर तो हसला. "आज रविवार. ऑफिस बंद, तर डबा कोणाला द्यायचा?"

ससून डॉकला पोहोचला तेव्हा मासळीचा लिलाव कधीच आटोपला होता. फरशी पाण्याने धुऊन काढली होती. एका बाजूला बायका कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्याने न विचारता कॅमेरा रोखला. एक म्हातारी ओरडली. तो निघाला.

पुढचं ठिकाण हाजीअली, दुपारी बारा. चालायचं ठरवलेलं होतं, पण घड्याळ पाठीशी लागलं होतं. त्याने टॅक्सी केली. खाली उतरून पाहतो तर दर्गा समुद्रात आणि वाट पाण्याखाली. काठावर पंचवीस-तीस माणसं उभी होती. त्यांतला एक म्हणाला, "भरती आहे. बसा. उतरेल."

पोरगा बसला नाही. झवेरी बाजारला गेला, तिथे शटर खाली. मंगलदास मार्केटला गेला, तिथेही तेच. गेटवेला पोहोचेस्तोवर अंधार पडला. यादीतली पाच ठिकाणं राहिली, पण रोल मात्र संपला. उरलेले फोटो त्याने धावतपळत कशाचे ना कशाचे काढून टाकले होते.

सोमवारी मास्तरांनी कॉन्टॅक्ट शीट उजेडात धरलं. भिंग लावून एकेक चौकट पाहिली.

"हे काय?"

"राजाबाई टॉवर."

"मला तर काळा खांब दिसतोय. आणि हे?"

"झवेरी बाजार."

"बरेच पत्रे काढलेस." मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी पोराची वही मागून घेतली, लाल पेन्सिलीने सालांच्या शेजारी उभी रेघ मारली आणि वर एकच शब्द लिहिला. वेळ.

"हा रकाना भर," ते म्हणाले. "पुस्तकात सापडणार नाही. जाऊन विचार."

"कोणाला?"

"तिथे जो असेल त्याला."

रोज स्टुडिओ बंद झाला की, किंवा उघडायच्या आधी, पोरगा एकेका ठिकाणी जायला लागला. कॅमेरा घरीच ठेवायचा. नुसता जायचा आणि विचारायचा.

ससून डॉकला तीच म्हातारी भेटली. पोराने आधी कान पकडले, मग विचारलं, "मावशी, लिलाव कधी असतो?"

"सूर्याच्या आधी," मावशी म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. डोकं मोडायचं, साल काढायचं, धागा ओढायचा, कोळंबी टोपलीत. "बोटी रात्रीच्या लागतात. उजाडलं की घेणारा गेला. तू आलास तवा आमची सकाळ सरली होती."

"आणि भरतीचं कसं कळतं?"

"तिथी घे. पाऊणपट कर. तेवढ्या वाजता भरती."

पोराने बोटांवर हिशेब केला. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. अमावास्या पंधरावी, तिचे सव्वाअकरा. तो हाजीअलीला गेला तो दिवस अमावास्येचा होता. भिंतीवरचं कालनिर्णय त्याने रोज पाहिलेलं होतं, पण ते समुद्रालाही लागू आहे हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पाऊणकी पाठ करून घेणाऱ्या शाळामास्तरांचा उपयोग असा उशिरा कळतो.

"फोटो काढायला ये," मावशी म्हणाली. "पण आधी विचार. तोंडावर कॅमेरा धरलास तर टोपली डोक्यात घालीन."

चर्चगेटला एक डबेवाला भेटला. मावळातला माणूस. चालता चालताच बोलला. "साडेअकराच्या सुमाराला या. पर वाटंत उभं ऱ्हाऊ नका. माणूस थांबंल, डबा थांबत न्हाई."

ओव्हलला माळी भेटला. त्याने काही सांगितलं नाही, नुसता हात केला. सकाळी आठला मैदानाच्या पश्चिमेच्या इमारतींकडे. त्या १९३०च्या सुमाराच्या, गोल कोपऱ्यांच्या, सज्ज्यांच्या. सगळ्या उन्हाने उजळल्या होत्या, आणि समोरचा टॉवर काळा होता. पोरगा संध्याकाळी पाचला परत आला. आता उलट झालं होतं. सूर्य समुद्राकडे गेला होता आणि टॉवरचा पिवळसर कुर्ल्याचा दगड तापलेल्या तुपासारखा दिसत होता. एकच मैदान, पण त्यात दोन वेळा उभं राहायला हवं होतं. सकाळी तोंड पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला.

भुलेश्वरला फूलगल्लीत एक हारवाली बसायची. तिला विचारलं तर म्हणाली, "गल्लीत ऊन हवं असेल तर दुपारी बाराला ये. आजूबाजूला चार-चार मजले आहेत. ऊन खाली उतरतं ते तेव्हाच, आणि तेही घटकाभर."

पोराला हे नवीन होतं. दुपारचं ऊन फोटोला वाईट, असं तो ऐकत आला होता. मोठ्या इमारतीला ते वाईटच. पण अरुंद गल्लीला दुसरं ऊनच मिळत नाही.

महिन्याभराने त्याने वही मास्तरांपुढे ठेवली. अठराची यादी सातवर आली होती. हाजीअली त्याने स्वतःच खोडलं होतं, कारण पाय आणि ओहोटी एका दिवसात जुळेनात. ओव्हलचं क्रिकेट आता घ्यावंसं वाटत होतं, पण तेही सोडलं, कारण क्रिकेटला रविवार लागतो आणि डबेवाल्यांना कामाचा वार. आता यादी अशी होती. पहाटे साडेपाच, ससून डॉक. सात, गेटवे. साडेआठ, ओव्हल, पश्चिम बाजू. साडेअकरा, चर्चगेट. साडेबारा, भुलेश्वर. चार, बोरीबंदर. पाच, पुन्हा ओव्हल, राजाबाई टॉवर. शेवटी मरीन ड्राइव्ह, सूर्यास्त. भुलेश्वरची गल्लीच एक घटका उशिरा धरावी लागली होती, कारण डबे आधी.

नकाशावरची रेघ आता वाकडीतिकडी झाली होती. ती उत्तरेला जायची, परत दक्षिणेला यायची. एका ठिकाणी तर स्वतःलाच छेदून जायची.

मास्तरांनी ती बोटाने शेवटपर्यंत गिरवली. "बूट कोणते घालणार?"

"जुने. नवे चावतात."

"पिशवीत काय?"

"कॅमेरा, एक लेन्स, चारशेचा रोल. पहाटे उजेड कमी असेल म्हणून. पाण्याची बाटली. बाकी काही नाही."

मास्तर खूष झाले. "मीही येतो," ते म्हणाले. "किती वर्षं झाली, पहाटेचा धक्का पाहिला नाही."

पोराला आनंद झाला. हिवाळ्यातल्या एका मंगळवारी दोघे निघाले.

धक्क्यावर दिव्यांखाली लिलाव पेटला होता. पाटीभोवती बायकांचा घोळका, आकडे ओरडले जात होते, बर्फाच्या गाड्या माणसांना ढकलत पुढे जात होत्या. मावशीने पोराला ओळखलं. "आला बरोबर वेळेला," ती म्हणाली आणि स्वतःहून पाटी पुढे केली. गेटवेच्या कमानीतून पाहिलं तर समुद्रावर सूर्य वर येत होता. ओव्हलच्या इमारती माळ्याने दाखवल्या तशाच उजळल्या. चर्चगेटला साडेअकराला टोप्यांचा लोंढा आला. लाकडी लांबट खोकी, एकेकात तीसचाळीस डबे, डोक्यावर. पोरगा खांबाला चिकटून उभा राहिला, वाटेत नाही.

मास्तर प्रत्येक ठिकाणी मान हलवत होते. त्यांनी स्वतःचा कॅमेरा आणला नव्हता. पण दोन-तीनदा पोराच्या कॅमेऱ्यातून पाहिलं आणि पोराला अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं.

चर्चगेटहून भुलेश्वर अडीच-तीन किलोमीटर. गर्दी होती. पोरगा पुढे, मास्तर मागे. पोराचं लक्ष घड्याळावर होतं. गल्लीत ऊन घटकाभरच थांबणार होतं.

फूलगल्लीत पोहोचले तेव्हा ऊन उतरलेलं होतं. झेंडूच्या राशीवर नेमका एक पट्टा पडला होता. पोराने कॅमेरा लावला. एक फोटो, दोन फोटो. तिसऱ्याला हारवालीच्या हाताकडे त्याने फोकस नेला, तर हात जागेवर नव्हता. ती उठून उभी राहिली होती आणि त्याच्या पाठीमागे पाहत होती.

मास्तर एका दुकानाच्या पायरीवर बसले होते. कपाळावर घाम होता. हात थरथरत होते. काहीतरी बोलत होते, पण शब्द नीट येत नव्हते.

"अरे, आजोबा जेवलेत का?" हारवालीने विचारलं.

पोराला माहीत नव्हतं.

"साखर आहे का त्यांना?"

तेही त्याला माहीत नव्हतं. तीन वर्षं तो त्यांच्याकडे कामाला होता. रोज दुपारी साडेबाराला मास्तर आतल्या खोलीत जायचे, आधी एक गोळी घ्यायचे, मग डबा उघडायचे. हे त्याच्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं.

हारवालीने वाट पाहिली नाही. शेजारच्या पूजासाहित्याच्या दुकानातून खडीसाखरेची पुडी उचलली आणि मास्तरांच्या तळहातावर ओतली. "चावून खा, बाबा. सावकाश." मग पाणी दिलं. दुकानदार पैसे घ्यायला तयार होईना. थोड्या वेळाने मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग आला. गल्लीतलं ऊन तोवर भिंत चढून वर गेलं होतं.

पोराने त्यांना जवळच्या खानावळीत नेलं. भाजी, चपाती, वरणभात. मास्तर हळूहळू जेवले. पोराचा घास घशाखाली उतरत नव्हता.

"मास्तर, तुम्ही सांगितलं का नाही?"

"गोळी सकाळी घेतली होती. जेवणाचं लक्षातच राहिलं नाही. धक्का पाहिला, डबेवाले पाहिले, तहानभूक हरपली." त्यांनी ताक संपवलं. "चूक माझीही आहे. जिभेवर आलं होतं चर्चगेटला. पण तू घड्याळ बघत होतास. म्हटलं, पोराचं ऊन जायला नको."

खानावळीतून बाहेर पडले तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. बोरीबंदर चालत गाठता आलं असतं. पोराने एकदा त्या दिशेला पाहिलं आणि टॅक्सीला हात केला. बोरीबंदर राहिलं.

ओव्हलला आले. मास्तर मैदानाच्या कडेला बाकावर टेकले. पोराने वही काढली. आज त्यात बऱ्याच खुणा केलेल्या होत्या. त्याने नवं पान उघडलं.

"मास्तर, तुमचं जेवण किती वाजता?"

"साडेबारा. फार तर एक."

"आणि गोळी?"

"जेवणाआधी पंधरा मिनिटं."

"सलग किती चालता येतं?"

"अर्धा तास. मग गुडघा बोलतो."

"घरी परत कधी?"

"साडेसहाच्या आतली गाडी. त्यानंतर मला चढता येत नाही, गर्दी आत जाऊ देत नाही."

पोराने सगळं लिहिलं. मास्तर त्याच्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "ज्याच्या दारी जायचं, त्याची वेळ विचारून जावं. पण ज्याला बरोबर न्यायचं, त्याची त्याच्याही आधी विचारावी."

पोराने हेही लिहायला घेतलं, तेव्हा मास्तरांनी वही मिटली. "हे लिहू नकोस. वर बघ. ऊन आलंय."

टॉवरवर ऊन आलं होतं. पोराने चार फोटो काढले. सहा वाजता त्याने कॅमेरा पिशवीत घातला. मरीन ड्राइव्ह तिथून जवळच होतं आणि सूर्य मावळायला टेकला होता, पण दोघे चर्चगेटकडे वळले आणि सहा वाजून दहाच्या गाडीत मास्तरांना खिडकीची जागा मिळाली.